मोजणीविना पहिला ठोसा

रविवार, १९ जानेवारी १९८६. मालाडच्या एका शाळेचं सभागृह. हजर: आम्हाला कराटे शिकवणारे कारखानीस सर, वर्गातली माझी कायमची जोडीदार मधू, आमच्याच वर्गातला विलास, मी, आणि न सांगता येऊन मागच्या बाकावर बसलेले माझे बाबा. गैरहजर: आई. ही यादी त्या दिवशी कोणी केली नव्हती. वर्गाच्या हजेरीची वही एरवी माझ्याकडे असायची, पण महिनाभरापूर्वीच ती माझ्याकडून काढून घेतली गेली होती. ती का, हेच मला सांगायचं आहे. आज पंचावन्न उलटल्यावर हे लिहायला बसले, तर आधी कोण कोण होतं ते ओळीने मांडून घेतलं. त्याशिवाय माझं कुठलंच काम सुरू होत नाही.

आम्ही नाहूरला राहायचो. दोन खोल्या, पहिला मजला, आणि खिडकीसमोर कारखान्याची इतकी लांब भिंत की लहानपणी मला वाटायचं ती मुलुंडपर्यंतच जाते. बाबा आधी परळच्या एका गिरणीत होते. संप लांबत गेला, गिरणी उघडलीच नाही, तेव्हा भांडुपच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात ते स्टोअरला लागले. आईने शिवणाचं मशीन खिडकीशी सरकवलं आणि बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. त्यामुळे आमच्या घराला दिवसभर त्या मशीनचा आवाज असायचा, थांबून थांबून धावणारा. तो थांबला की बॉबिन संपलं किंवा कोणी तरी दारात आलं, एवढं आम्हाला स्वयंपाकघरातून कळायचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ आणि लोणच्याची फोड. दुपारी कुळथाची पिठी किंवा सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी. वर्गातल्या बहुतेकांचे कराटेचे ड्रेस आईनेच शिवलेले होते, जाड मांजरपाटाचे, आणि ते धुतले की उरलेल्या पेजेची खळ द्यायचं कामही घरोघरी तिनेच शिकवलं होतं. सरांचा तसा आग्रह होता. खळ दिलेली बाही ठोसा मारताना फाट्‌कन वाजते. अंगाला बसणारा ड्रेस नव्हे, वाजणारा ड्रेस चांगला, असं आम्ही मानायचो. आई म्हणायची, "अर्धी पेज पोरीच्या पोटात, नि अर्धी तिच्या बाहीत. मारामारी शिकतंय की लाँड्री चालवतंय, कोण जाणे."

वर्ग मुलुंडला, एका शाळेच्या गच्चीवर भरायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते साडेसहा. कारखानीस सर दिवसा बँकेत नोकरी करत. ऑफिसची बॅग घेऊनच यायचे, खाली शिपायाच्या खोलीत कपडे बदलायचे आणि वर आले की वेगळाच माणूस होऊन यायचे. बारीक अंगाचे, चष्मा काढून खिशाऐवजी टाकीच्या कठड्यावर ठेवणारे, आणि आवाज असा की पलीकडच्या बिल्डिंगमधली मुलंसुद्धा गॅलरीत उभी राहून त्यांच्याबरोबर मोजायची. इची, नी, सान, शी, गो. सगळं त्या मोजणीवर चालायचं. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, मोजणीवर. समोरासमोर उभं राहून केलेले वार आणि अडवणुकी, त्याही मोजणीवर. 'इची' म्हटलं की समोरच्याने ठोसा मारायचा, आपण अडवायचा. 'नी' म्हटलं की आपण मारायचा. कोणी मनगट धरलं तर ते सोडवून कोपर हाणायचं, तेही 'इची' ऐकल्यावर. चाळीस जण एकदम हलायचे, चाळीस बाह्या एकदम वाजायच्या. अंगावर काटा यायचा, मला आजही येतो. मी तेराव्या वर्षी तिथे गेले ती पहिल्या आठवड्यातच त्या मोजणीत रुतले. मला ठरलेलं सगळं आवडतं. तीन वर्षांत माझ्या कमरेला ब्राउन बेल्ट आला, हजेरीची वही माझ्या हातात आली आणि नवीन मुलांना उभं कसं राहायचं हे दाखवायचं झालं की सर एवढंच म्हणायचे, शुभांगीकडे बघा.

ते सरांनी म्हणणं थांबवलं त्याआधीची एक संध्याकाळ सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. इथे लिहिते आहे, कारण लिहिणं हे सांगण्यापेक्षा सोपं असतं.

डिसेंबरचे दिवस होते. वर्ग सुटेपर्यंत अंधारून यायचं. मधू मुलुंडलाच राहायची, त्यामुळे पुढचा रस्ता मी एकटी चालायचे, कारखान्याच्या भिंतीकडेने. अंगात ड्रेस तसाच, वर आईने विणलेला स्वेटर, पट्टा पिशवीत. रस्ता रोजचा होता. भिंतीला टेकून एक माणूस उभा होता, त्यालाही मी आधी दोन-चारदा बघितलं असावं. मी जवळून जाताना तो पुढे झाला आणि त्याने माझं डावं मनगट धरलं. जोरात नाही. ओळखीच्या माणसाने थांबवावं तसं.

"कराटेवाली ना तू? दाखव ना."

मनगट सोडवायची ती युक्ती मी किती वेळा केली असेल? आठवड्यातून तीन दिवस, तीन वर्षं. अंगठ्याच्या बाजूने पिळायचं, अर्धं पाऊल आत, कोपर. नवीन मुलींना मीच शिकवायचे. आणि मी उभी राहिले. घाबरले होते हे खरं, पण नुसती घाबरले नव्हते. माझं शरीर तयार होतं, गुडघे किंचित वाकलेलेसुद्धा होते, आणि मी थांबले होते. आकडा ऐकायची वाट बघत होते. कोणी तरी 'इची' म्हणेल आणि मग मी हलेन. तो हसला, अजून जवळ आला, त्याचा दुसरा हात माझ्या स्वेटरवर आला, आणि तेवढ्यात वळणावरून भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोघी बायका बोलत बोलत येताना दिसल्या. त्याने हात सोडला आणि शीळ घालत निघून गेला. माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला होता. ते मी उचललं आणि त्या बायकांच्या मागोमाग घरी गेले.

आईला सांगितलं, घड्याळ वर्गात तुटलं. न सांगण्याची कारणं मी त्याच रात्री जेवताना मनात लावून टाकली होती. घरी सांगितलं तर सगळ्यात आधी वर्ग बंद होईल. मधूला सांगितलं तर मधूच्या आईला कळेल आणि तिच्या आईला कळलं म्हणजे मुलुंडला कळलं. आणि सरांना सांगणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला तो पट्टा बांधला होता. जिच्याकडे बघून पोरांनी उभं राहायला शिकायचं ती मी, आणि मी काय केलं होतं तर व्यवस्थित उभी राहिले होते.

पुढचे दिवस मी एका जागी बसू शकले नाही. अकरावीचं पुस्तक उघडायचे आणि उठून ओटा पुसायचे. इस्त्री केलेला ड्रेस पुन्हा इस्त्री करायचे. आईचं मशीन थांबलं की दचकायचे. घरातून निघताना भिंतीकडचा रस्ता की मोठ्या रस्त्याचा वळसा, हे जिन्यात उभी राहून ठरवायचे आणि तीन मजले खाली-वर केल्यासारखी दमायचे. आईच्या लक्षात येत होतंच. "काय गो, अंगात मुंग्या शिरल्यात काय तुझ्या?" एवढंच ती विचारायची आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकायची. तिच्या मते सगळ्या अस्वस्थपणाचं मूळ रिकाम्या पोटात असायचं. वर्गात मात्र माझं काही बिघडलं नाही. आकडा आला की मी हलत होते, तितकीच सुंदर. तेच मला सहन होत नव्हतं. सरांचा आवाज गच्चीवर घुमायचा आणि मला वाटायचं, हा आवाज नसेल तेव्हा मी कोण आहे?

शाळेच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला होता. उपनगरांतल्या वर्गांची स्पर्धा, मालाडला, जानेवारीत. काता आणि कुमिते. कुमिते म्हणजे दोघांचा सामना. पंच 'हाजिमे' म्हणतो, म्हणजे सुरू करा, आणि पुढची दोन मिनिटं कोणी काही मोजत नाही. समोर अनोळखी मुलगी, तिला आपल्याला मारायचं असतं, आणि कधी मारणार हे ती सांगत नाही. तो कागद मी तीन वेळा वाचला. मला जे तपासून बघायचं होतं, ते नाहूरच्या रस्त्याखेरीज फक्त तिथेच मिळणार होतं.

सरांचा स्पर्धांना विरोध होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. त्यांच्या मते स्पर्धेतली कुमिते हा शिवाशिवीचा खेळ. लागायच्या आत हात थांबवायचा, गुण घ्यायचा, मागे पळायचं. तिथे ज्या जागी मारायला बंदी आहे, नेमक्या त्या जागी मारायला काता शिकवते. नियमात राहून लढायची सवय लागलेल्या माणसाला नियम न पाळणारा भेटला की काय होतं? हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असायचा आणि उत्तर ते स्वतःच द्यायचे: तो शिट्टीची वाट बघत बसतो. हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यातही म्हटलं आणि मला कानशिलात मारल्यासारखं झालं. आम्ही कशाची वाट बघतो, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

वर्ग सुटल्यावर सर टाकीच्या कठड्यावर बसून चणे खायचे. बाकीचे उतरून गेले, मी वही घेऊन थांबले आणि म्हटलं की मला मालाडला कुमितेत उतरायचं आहे. त्यांनी चष्मा घातला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांनी जर विचारलं असतं की का, तर कदाचित मी सांगितलं असतं. पण त्यांनी उत्तरासकटच विचारलं.

"मेडल पाहिजे?"

मी म्हटलं, "हो."

"तू पण?" ते म्हणाले. मग चणे खिशात ठेवले. "जा. माझी ना नाही. शिकवणार मात्र नाही मी त्यासाठी. आणि ती वही उद्यापासून मधूकडे दे."

रागाने म्हणाले नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं. जिना उतरताना मी ती वही छातीशी धरली होती, आणि मला वाटलं मागे जावं आणि सगळं सांगून टाकावं. मी चार पायऱ्या वर चढलेही. मग खाली उतरले.

एकटीने जायचं तर सराव कोणाबरोबर करायचा, म्हणून मी मधू आणि विलासलाही पटवलं. मधू माझ्यासाठी आली आणि विलास मालाडला त्याची मावशी उत्तम कोंबडी करते म्हणून. वर्गाच्या आधी अर्धा तास आम्ही गच्चीवर जायचो, मोजणीशिवाय समोरासमोर उभं राहायचो, आणि काहीच व्हायचं नाही. खरंच काही नाही. मी मधूकडे बघतेय, मधू माझ्याकडे. पलीकडच्या गॅलरीतली मुलं बघून बघून कंटाळून आत जायची. विलास माझ्यासमोर आला की म्हणायचा, "अगं तू आधी मार ना यार, मग मी अडवतो." मी म्हणायचे, तू मार. तो म्हणायचा, लेडीज फर्स्ट. मधूने एकदा चुकून माझ्या खांद्याला हात लावला तर लगेच सॉरी म्हणाली, आणि त्या सॉरीसाठी थांबली तेवढ्यात मी तिच्या पोटाशी ठोसा नेला, तर म्हणाली, "हे चीटिंग आहे हां, मी बोलत होते." आम्ही हसून हसून खाली बसलो. पण मी हसता हसता हिशेब करत होते. तिघांकडे मिळून नऊ वर्षांचं कराटे होतं आणि पहिला हात कोणी उचलायचा हे तिघांनाही माहीत नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी आईने ड्रेसला दुप्पट खळ दिली. ती येणार नव्हती. पोटच्या पोरीला कोणी मारताना बसून बघायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे आपल्याला जमणार नाही, असं तिने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. डब्यात घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दिली, आणि दारातून म्हणाली की तोंडाला जपून, दात पुन्हा येत नाहीत. सर आले होते. शिकवणार नाही म्हणाले होते, येणार नाही म्हणाले नव्हते. हाताची घडी घालून भिंतीशी उभे होते, आणि आमच्याकडे बघतही नव्हते असं दाखवत होते.

सभागृहात सतरंज्या अंथरून चौकोन आखले होते. मुली थोड्या होत्या, म्हणून पहिला सामना हरणाऱ्यांना आणखी एक मिळणार होता. माझ्यासमोर आली ती वाकोल्याची ग्लोरिया. माझ्याहून चार बोटं बुटकी, उभं राहण्याची पद्धत अशी की आमच्या सरांनी पाहता क्षणी पाय सरळ करायला लावले असते, आणि ड्रेस धुवून धुवून फडक्यासारखा मऊ झालेला. तिला बघून मला हायसं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं. पंच म्हणाले, हाजिमे. मी सुंदर उभी राहिले. गुडघे वाकलेले, मुठी जागेवर. आणि मी थांबले. तीच मी, तीच जागा, फक्त भिंत नव्हती. ग्लोरियाचा पहिला ठोसा पोटाशी आला, गुण. दुसरा तसाच. तिच्या बाहीचा आवाजच होत नव्हता. तीन वर्षं मी ठोसा ऐकून अडवत आले होते, हे मला तिथे, त्या सतरंजीवर कळलं. तिसरा तिच्याकडून थांबला नाही आणि थेट माझ्या तोंडावर बसला.

पंचांनी तिला ताकीद दिली, माझा ओठ बघितला, खेळणार का विचारलं. मी मान हलवली. मला काय झालं होतं ते नीट सांगितलं पाहिजे. मला लागलं होतं. तोंडात रक्ताची खारट चव होती. मारायचं होतं म्हणून मला कोणी मारण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. आणि माझ्या मनात आलं, एवढंच? महिनाभर ज्याला घाबरत होते, ज्याच्यासाठी जिन्यात उभी राहत होते, ते एवढं होतं. दुखतं, आणि आपण उभे असतो, आणि डोळे उघडे असतात. त्यानंतर ग्लोरियाने आणखी एक गुण घेतला आणि सामना संपला. मी एकही ठोसा मारला नव्हता. बाहेर आल्यावर तिने मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि विचारलं, "तू कुणाची वाट बघत होतीस गं? मैं सामने ही तो थी ना."

दुसरा सामना तासाभराने. त्या तासात मी बसले नाही. सभागृहाच्या मागच्या गॅलरीत येरझाऱ्या घातल्या, ओठाला बर्फ लावला, मधूने भरवलेला घावण गिळला. तेव्हाच मागच्या बाकावर बाबा दिसले. रविवारचा धुतलेला शर्ट, मांडीवर छत्री, जानेवारीत. ते मला बघून उठले नाहीत, मीही गेले नाही. विलास आपला सामना हरून मावशीकडे जायच्या गडबडीत होता, तरी येऊन सांगून गेला की माझी पुढची बोरिवलीची आहे, उंच आहे, आणि वाट लागणार आहे.

लागलीच. ती उंच होती, चांगली होती, तिने पहिल्या मिनिटात दोनदा मला गाठलं. पण दुसऱ्या गुणानंतर पंचांनी तिसऱ्यांदा 'हाजिमे' म्हटलं आणि तिचं पाऊल उचलायच्या आत मी हलले. 'इची' कोणीही म्हटलं नव्हतं. डाव्या पायाने आत गेले आणि उजव्या हाताने मारला. तो ठोसा वाईट होता. खांदा कानापर्यंत वर गेलेला, कंबर फिरलेली नाही, टाच उचललेली. वर्गात असा मारला असता तर मला वीस उठाबशा पडल्या असत्या. तो तिच्या छातीशी पोचला आणि पंचांचा हात वर गेला. अर्धा गुण. पुढे मी हरलेच. पण त्या अर्ध्या गुणानंतरचं मला काही आठवत नाही, कारण मी आतल्या आत तेच वाक्य म्हणत होते: मी हलले, मी हलले.

सर पहिल्यांदा जवळ आले. ओठ बघितला. म्हणाले, "खांदा वर होता."

"हो सर."

"अडवण नव्हतीच. सगळं सोडून आत घुसलीस." मग त्यांचा आवाज मऊ झाला, मला बरं वाटावं म्हणून. "असू दे. एवढी हौस आहे तर पुढच्या वेळी मिळेल मेडल."

तिथे बोलायला हवं होतं. मधू पाणी आणायला गेली होती, आम्ही दोघेच होतो. मी पुन्हा म्हटलं, हो सर.

घरी जाताना दोन बस बदलाव्या लागल्या. पहिल्या बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. दुसऱ्या बसमध्ये, खिडकीतून बाहेर बघत, म्हणाले, "पहिल्या वेळी उभीच राहिलीस तू." मी म्हटलं, सवय नव्हती, सर मोजतात ना.  बाबा म्हणाले, गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी पहाटे भोंग्याच्या वेळेला माझी झोप मोडते आणि मी पडल्या पडल्या भोंग्याची वाट बघतो, तो झाल्याशिवाय उठावंसं वाटत नाही. "मग?" मी विचारलं. "मग काय," बाबा म्हणाले, "लघवीला लागली की उठतो." आणि आम्ही दोघं इतके हसलो की माझा ओठ पुन्हा फुटला.

आता हिशेबाने सांगायचं तर, मी त्या सामन्यांनी शूर वगैरे झाले नाही. भिंतीकडच्या रस्त्याने मी पुन्हा जायला लागले. तो माणूस मला फेब्रुवारीत एकदा दिसला, पानाच्या गादीशी, मित्रांबरोबर. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, ओळखलंच नसेल. माझा डावा पाय आपोआप किंचित पुढे पडला होता, आणि मी मोजत नव्हते. एवढाच फरक. तो मला पुरला. पुढे मी मुलुंडलाच स्वतःचा वर्ग काढला, वीस वर्षं चालवला. तिथे अर्धा वेळ काता आणि मोजणी, अगदी कारखानीस सरांसारखी. उरलेल्या अर्ध्या वेळात कोणी मोजायचं नाही, जोडीदार दर दोन मिनिटांनी बदलायचा, आणि वर्षातून निदान दोनदा परक्या वर्गाच्या मुलींशी सामना. सर म्हणायचे त्यात तथ्य होतं हेही मी पाहिलं आहे. मेडलांनी भिंत भरलेल्या माझ्याच दोन विद्यार्थिनी गुण मिळाला की हात खाली सोडायच्या, जणू समोरचा आता टाळ्या वाजवेल. स्पर्धा म्हणजे रस्ता नव्हे. पण आपल्याला मारायची इच्छा असलेला माणूस समोर उभा आहे आणि सुरुवात आपल्यालाच करायची आहे, ही एक गोष्ट गच्चीवरच्या चाळीस मित्रांत शिकता येत नाही. ती परक्यांकडे जाऊन, हरून, ओठ फोडून शिकावी लागते. सर एकदा माझा वर्ग बघायला आले होते. शेवटी म्हणाले, खेळाडू तयार करतेस तू. मी चहा मागवला.

सर आता घाटकोपरला मुलीकडे असतात. ऐंशी ओलांडली आहेत. मी महिन्यातून एकदा जाते, आणि प्रत्येक वेळी त्या दिवसाच्या कामांच्या यादीत शेवटी लिहिलेलं असतं: सरांना सांगणे. गुडघ्यांबद्दल बोलणं होतं, बँकेच्या पेन्शनबद्दल होतं, मधूच्या नातवाबद्दल होतं. गेल्या महिन्यात शेजारचे एक गृहस्थ बसले होते. सरांनी माझी ओळख करून दिली, कौतुकानेच, हसत. म्हणाले, "ही शुभांगी. माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. मेडलच्या नादाला लागली, नाही तर कुठे पोचली असती." मीही हसले. त्यांना एवढंच सांगायचं आहे की मेडल नको होतं, सर. चूक तुमची नव्हती, हेही सांगायचं आहे, आणि ते पूर्ण खरं नाही, म्हणून अडतं. परतताना गॅसचं बुकिंग, चष्म्याचं दुकान, सरांची औषधं, सगळ्यांपुढे खूण झाली. शेवटची ओळ मी या आठवड्याच्या कागदावर उतरवून घेतली आहे. गुरुवारी अकरा वाजता त्यांची मुलगी बाहेर जाते. सर एकटे असतात, आणि त्यांचा उजवा कान अजून चांगला आहे.